परत आलेले घड्याळ

गुरुवार, ९ मार्च २०१७. रुपये सदतीस फक्त. कॉलेजच्या समुपदेशक बाईंच्या वहीत त्या सकाळी एवढी रक्कम जमा झाली, आणि तिच्यासोबत किल्लीचे एक गजराचे घड्याळ. बाईंनी दोन्ही नोंदींपुढे बरोबरची खूण केली. खूण करताना त्यांना बरे वाटले. त्या दिवसातले पुढे बरेच काही त्या विसरल्या, पण ते बरे वाटणे काही केल्या विसरता आले नाही.

ही वही काय होती, ते आधी सांगायला हवे.

बाईंची खोली हिशेब खात्याला लागून होती. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत. गठ्ठे हलवले, मधे प्लायवूडचा पडदा ठोकला, एक टेबल, तीन खुर्च्या आणि दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली: समुपदेशन कक्ष. पहिल्या चार महिन्यांत आत तिघे आले. दोघे स्वच्छतागृह शोधत होते आणि तिसऱ्याला फीची मुदत वाढवून हवी होती. दोष कुणाचाच नव्हता. फीची रांग नेमकी त्या दारासमोरून जायची. चाळीस जणांच्या देखत त्या पाटीखालून आत जायचे म्हणजे आपले डोके ठिकाणावर नाही, हे दवंडी पिटून सांगण्यासारखेच.

बाईंनी शिपायाकडून पाटी काढून घेतली आणि दारावर साधा कागद डकवला: "स्टेपलर, पंच, गोंद येथे मिळेल." दुसऱ्या दिवसापासून खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. दुखणे सांगायला कुणी आले नाही, पण कागद टाचायला सगळे आले. टाचता टाचता एखादा बसायचा. बसलेल्यांतला एखादा उठायचाच नाही. त्याच्यासाठी बाईंनी एक खुर्ची दाराजवळ ठेवली होती, तोंड खिडकीकडे करून. समोरासमोर बसवले की पोरांना तोंडी परीक्षा वाटते, असे त्यांचे म्हणणे. आणि दार हाताशी असले की पळून जावेसे वाटत नाही.

उसने द्यायची रीत त्यांनी वडिलांकडून उचलली. वडिलांचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. ते म्हणायचे, "हवा भरायला आलेला माणूस परत येईलच असं नाही. सायकल नेलेला येतो." म्हणून बाई मुलांना वस्तू द्यायच्या. छत्री, कॅल्क्युलेटर, स्वेटर, कधी झेरॉक्सपुरते पैसे. लांब वहीत नोंद करायच्या, पण मुलाचे नाव कधी लिहायच्या नाहीत. वही कुणाच्या हाती पडली तर? वस्तू हेच नाव. "छत्री आज रडली नाही." "स्वेटर दोन आठवडे दिसला नाही, निरोप पाठवणे." घरातून एकेक वस्तू कॉलेजात जाऊ लागली तेव्हा नवरा म्हणाला, "सगळं दे, पण मला कुणाला उसना देऊ नकोस."

प्राचार्य दरवर्षी विचारायचे, "बाई, यंदा किती विद्यार्थी बरे झाले?"

"सर, सत्तावीस वस्तू बाहेर आहेत," बाई सांगायच्या. प्राचार्य मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळायचे.

तर, गजर. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची उंच, चष्म्याची मुलगी. वसतिगृहात राहायची. ऑक्टोबरमध्ये प्रकल्प टाचायला आली आणि स्टेपलर हातात धरून दहा मिनिटे तशीच बसली. सकाळच्या सातच्या तासाला जाग येत नाही, हजेरी कमी पडते, एवढेच म्हणाली. बाईंनी हळूहळू विचारले तेव्हा कळले की जाग येण्याचा प्रश्न नव्हताच. पहाटे चारपर्यंत झोपच लागत नव्हती. जेवण जात नव्हते. "कशाचं काही वाटतच नाही मॅडम. आनंदाचंही नाही आणि दुःखाचंही नाही." बाईंनी घरचे घड्याळ दिले आणि इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ती एकदा गेली, गोळ्या आणल्या, मग परीक्षा आडवी आली आणि पुन्हा गेली नाही. जानेवारीत झेरॉक्ससाठी सदतीस रुपये नेले. अधूनमधून यायची, बसायची, जायची.

नऊ मार्चला दहा चाळीसला ती दारात उभी राहिली. आत छत्री हुंदके देत होती, म्हणून बाई उठून दाराशी आल्या.

"मॅडम, हे तुमचं घड्याळ. आणि हे सदतीस." पाकिटात नाणी कागदात गुंडाळलेली होती. घड्याळ पुसून लख्ख केले होते.

"अगं, राहू दे की. परीक्षा तोंडावर आली."

"नको मॅडम. आता नाही लागणार."

"झोप लागायला लागली वाटतं?"

"हो. आता सगळं ठीक होणार आहे." आणि ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. केस धुतलेले, कुर्त्याला इस्त्री. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटले, आत येऊन दोन खुणा केल्या आणि छत्रीकडे वळल्या.

बारा वाजून वीस मिनिटांनी बाई गोंदाच्या बाटल्यांचे बिल घेऊन शेजारी रोखपालांकडे गेल्या. रोखपाल म्हणजे तीस वर्षे नाकासमोर चालणारा माणूस. एकच्या ठोक्याला खिडकी लावायचे. एक वाजून एक मिनिटाने प्रत्यक्ष प्राचार्य आले तरी उद्या या. मुले त्यांना कुलूपकाका म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होते.

आज मात्र स्वारी खुशीत होती. "बाई, तुमच्याकडे ती उंच चष्मेवाली येते ना? सोन्यासारखी पोरगी! बाकीची शेवटच्या वर्षी बोंबलत येतात, ही आताच वसतिगृहाची अनामत परत मागायला आली. आणि तयारी बघा. ग्रंथालयाची पुस्तकं जमा, खानावळ चुकती, जिमखान्याची रॅकेटसुद्धा परत. सगळ्या सह्या आणल्यात. एक रुपया बाकी नाही कुणाचा. अशी चार जरी निघाली तरी माझी निवृत्ती सुखाची."

"अनामत? आत्ता? परीक्षा वीस तारखेला आहे."

"आता तिची ती जाणे. चार हजार दोनशे पन्नास. चेक आईच्या नावानं काढा म्हणाली."

बाईंना सकाळ आठवली. पुसलेले घड्याळ, मोजलेली नाणी, ते हसू. आता नाही लागणार. सकाळी आपण जिला बरी झालेली समजून पाठीवर थोपटले, ती निरोप घ्यायला आली होती. प्रशिक्षणात हे दहादा शिकवले होते: फार दिवस खचलेले माणूस एकाएकी शांत झाले आणि आवराआवर करू लागले, की सावध व्हा. बाईंनी ते पाठ केले होते. आणि दारात उभ्या उभ्या वस्तू घेऊन खूण केली होती.

"चेक नेला?" बाईंनी विचारले.

"नाही, सही व्हायची होती. एकच्या आत ये म्हटलंय. का हो? काय झालं?"

बाईंनी सांगितले. रोखपालांनी पेन खाली ठेवले. "भलतंच काय बोलता! हिशेब चुकता करणं हा काय गुन्हा आहे?"

"गुन्हा नाही. पण काही वेळा ती जायची तयारी असते."

मुलीचा फोन बंद होता. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी खोली उघडून पाहिली. पलंग आवरलेला, कपाट रिकामे. खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली की काल रात्री तिने आपले पांघरूण मला देऊन टाकले, म्हणाली उकडतं आता. रेक्टरबाई दोन पहारेकऱ्यांना घेऊन शोधायला निघाल्या. प्राचार्यांना निरोप गेला. बाईंनी मुलीच्या आईला फोन लावला. त्या अडीच तासांच्या अंतरावर एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या.

"आई, हातातलं काम टाका आणि निघा. तुमची मुलगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी मला भीती वाटतेय. माझं चुकलं तर आल्यावर चार शिव्या द्या. पण निघा."

पलीकडून यंत्रांचा आवाज तेवढा आला. मग, "निघाले," एवढा एकच शब्द.

बाईंचे पाय बाहेर धावायला बघत होते. गच्ची, ग्रंथालयाचा जिना, मागचा रस्ता. पण मन म्हणत होते, थांब. तिने सगळ्यांचे देऊन टाकले आहे. जगात तिचे एकच काम उरले आहे, आईच्या नावचा चेक. त्यासाठी ती याच खिडकीवर येणार. सायकल नेलेला माणूस येतो. पण आली आणि चेक घेऊन गेली तर? किंवा आली आणि खिडकी बंद दिसली तर?

"मी काय करू सांगा," रोखपाल म्हणाले.

"तिला अडवा."

"कसं अडवू?"

"तीस वर्षं पोरांना अडवताय, तसंच."

"बाई, मी नियमानं अडवतो! खोटं एकदाही अडवलेलं नाही."

"मग आज एकदा."

घड्याळात एक वाजला. रोखपालांचा हात सवयीने खिडकीच्या झडपेकडे गेला आणि तिथेच थबकला. रांगेतली पोरे हिरमुसून निघाली होती, ती परत फिरली.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"गुमान फी भर. दोन्ही नोटा नीट दाखव."

एक दहा. एक पंधरा. बाई आतल्या कपाटाआड उभ्या होत्या. आपल्याला पाहून ती मागच्या मागे वळेल, ही भीती. हातातल्या गोंदाच्या बिलाची त्यांनी घडी घालघालून पार सुपारी केली होती. रेक्टरबाईंचा फोन आला: गच्चीवर नाही, बागेत नाही. एक वीस. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते त्या बावन्नाव्या वर्षी नव्याने शिकत होत्या.

एक बावीसला खिडकीवर आवाज आला. "काका, उघडी आहे अजून? मला वाटलं बंद झाली असेल. चेक मिळेल का?"

रोखपालांनी नोंदवही ओढली. पाने उलटली, पुन्हा उलटली. घसा साफ केला. "एक बाकी निघतेय तुझी."

"बाकी? शक्यच नाही. सगळ्या सह्या आणल्यात मी."

"ग्रंथालयाची. पुस्तकाचं पान फाटलंय. दंड तेरा रुपये."

"कुठलं पुस्तक?"

एवढा विचार रोखपालांनी केला नव्हता. खोटे बोलायची सवय नसली की असे होते. "वनस्पतिशास्त्र," ते म्हणाले.

"काका, मी कॉमर्सला आहे!"

"तरीच फाटलं."

मागच्या दोघातिघांना हसू आले. मुलीला आले नाही. तिने पाकीट उघडले, उलटे केले, पिशवीचा तळ चाचपला. "नाहीयेत माझ्याकडे. मी सगळे देऊन टाकले. मोजून दिले. एकेकाचा, एकेकाचा हिशेब केला मी रात्रभर बसून. कुणाचं काही राहायला नको म्हणून. आणि तुम्ही म्हणताय तेरा रुपये..." आवाज चिरकला. खिडकीची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून ती रडू लागली.

रोखपालांनी मान खाली घातली, ग्रंथालय दंडाचे तेरा रुपये नोंदवहीत लिहिले आणि त्या खोट्या नोंदीवरून बोट हलवले नाही. "बाकी असेपर्यंत चेक देता येत नाही बेटा. नियम आहे."

बाई बाजूच्या दाराने बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. हात धरला नाही. "तुझे सदतीस रुपये आहेत माझ्याकडे. चल, त्यातून भरू."

खोलीत येऊन ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. आता तो प्रश्न विचारायचा होता. नोकरीत सहा वेळा विचारला होता, आणि एकदाही सोपा गेला नव्हता. विचारल्याने मनात नसलेले मनात येत नाही, न विचारल्याने माणूस त्या विचारासोबत एकटे राहते, हे शिकलेले होते.

"आज जीव द्यायचं ठरवलं होतंस का?"

पंखा फिरत होता. शेजारी रोखपालांची झडप आदळल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली.

कुठे आणि कसे, हेही बाईंनी विचारले, कारण ते विचारावेच लागते. इथे ते लिहायचे कारण नाही. पिशवीत जे होते ते तिने काढून टेबलावर ठेवले. बाईंनी ते खणात टाकून किल्ली फिरवली आणि ती दाराशी आलेल्या रोखपालांच्या हाती दिली.

आयुष्य सुंदर आहे, आईचा विचार कर, असले काही बाई बोलल्या नाहीत. आईचा विचार तिने केलाच होता, म्हणून तर चेक आईच्या नावाने होता. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता पुढचं एकटीनं ठरवायचं नाही. तुझी आई निघाली आहे. ती येईपर्यंत मी इथून हलत नाही, आणि तूही हलायचं नाहीस."

मुलगी ताडकन उठली. "आईला सांगितलंत? मी विश्वासानं बोलत होते तुमच्याशी!"

"जिवाची गोष्ट सोडून बाकी सगळं माझ्या पोटात राहील. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तिला काय वाटेल? मी परत कधी बोलणार नाही तुमच्याशी. कधीच नाही."

"नको बोलूस. नुसती बस."

दार हाताशी होते. ती दाराकडे बघत उभी राहिली. बाईही उभ्या राहिल्या, पण आडव्या गेल्या नाहीत. बाहेर शिपायाला बसवले होते, तरी त्या क्षणी सगळा भरवसा त्या खुर्चीवरच होता. बऱ्याच वेळाने मुलगी खाली बसली.

पावणेदोनपासून चारपर्यंत दोघींत दहा वाक्ये झाली नसतील. ती खिडकीबाहेर बघायची, मधेच रडायची, मधेच रागाने बघायची. तीनच्या सुमारास रोखपाल स्वतःच्या कपातून चहा घेऊन आले. "साखर कमी असेल," म्हणाले आणि गेले. चहा निवला. मग तिने तो निवलेलाच प्यायला. बाईंनी वहीकडे पाहिले आणि नजर वळवली.

चार वाजून पाच मिनिटांनी आई आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, काढायचे भानच राहिले नव्हते. मुलगी ओरडेल, आई रडेल, कोण कुणाला काय विचारेल, बाईंनी सगळ्याची तयारी केली होती. आईने तिच्या खांद्याला हात लावला आणि माप घेतल्यासारखी बोटे दंडापर्यंत नेली. "किती उतरलीस गं," म्हणाली. एवढेच. मग तिघी इस्पितळात गेल्या.

पुढे सगळे झटपट गोड झाले असे नाही. अकरा दिवस इस्पितळ, परीक्षा बुडाली, औषध एकदा बदलावे लागले. मुलगी बोलल्याप्रमाणे चार महिने बाईंशी बोलली नाही. बाई आठवड्याला आईला फोन करायच्या आणि तेवढ्यावर समाधान मानायच्या. कॉलेज सुरू झाल्यावर ती एकदा दारात आली, कागद टाचले आणि जाता जाता म्हणाली, "ते घड्याळ कुणी नेलं का?"

"नाही. पण बसल्याशिवाय मिळत नाही."

ती बसली.

कारण नवा नियम झाला होता. त्या गुरुवारी संध्याकाळी इस्पितळातून परत आल्यावर बाईंनी वही उघडली होती. दोन खुणा खोडल्या नाहीत, त्यांच्यापुढे लिहिले: "उभ्याने घेतले. बसवले नाही." तेव्हापासून परत आलेली वस्तू बसवूनच घ्यायची. का परत केलीस, झोप कशी आहे, उद्या काय करणार, हे विचारल्याशिवाय खूण करायची नाही. आणि वर्षाच्या मध्ये अनामत मागणारा प्रत्येक अर्ज रोखपाल आधी प्लायवूडपलीकडे पाठवू लागले. दहांतले नऊ घर बदलणारे निघायचे. बाईंना त्याचे काही वाटत नसे.

राहता राहिली ती तेरा रुपयांची नोंद. रोखपालांना ती खोडता येईना. खोडायची तर कारण लिहावे लागते, आणि खरे कारण लिहिण्यासारखे नव्हते. खिशातून भरून टाका, असे बाईंनी सुचवले तर म्हणाले, "खोट्या बाकीची खरी पावती फाडू? एका दिवसात दोन गुन्हे मी करत नाही."

दोन वर्षांनी मुलगी पदवीचा दाखला न्यायला आली. एका विमा कंपनीत दावे तपासायच्या नोकरीला लागली होती. अजून महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जायची. घड्याळ तिच्याकडेच होते. तिने खिडकीतून वीसची नोट पुढे केली. "काका, वनस्पतिशास्त्राचे तेरा घ्या."

"सात सुटे नाहीत."

"राहू द्या मग."

"कॉलेज जादा रक्कम घेत नाही. पुन्हा कधी येशील तेव्हा दे."

दाखल्यावर रोखपालांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: "रुपये तेरा वगळता या विद्यार्थिनीकडून काहीही येणे नाही." हिशेब तपासनीस दरवर्षी त्या नोंदीखाली लाल रेघ ओढतात. रोखपाल आता निवृत्त झाले.

ग्रंथालय दंड, रुपये तेरा, येणे बाकी आहे.